अहवालातला मुलगा, पालावरचा मुलगा

एखादे मूल गुन्ह्याच्या आरोपावरून ताब्यात आले, की परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांच्या आत त्याच्याविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा, अशी २०१५च्या बाल न्याय कायद्याची तरतूद आहे. या अहवालाचा नमुना २०१६च्या आदर्श नियमांत दिलेला आहे. त्यामागचा हेतू चांगलाच आहे. मंडळाने घडलेल्या कृत्याबरोबर मुलालाही पाहावे, त्याचे घर, शाळा, सोबती समजून घ्यावेत. आता हा नमुना घेऊन कोणी एखाद्या फासेपारधी मुलासमोर बसला आहे असे समजू. पहिल्याच पानावर पत्ता विचारलेला असतो. मुलाचे कुटुंब गावाबाहेरच्या गायरानावर पाल टाकून आहे. मागच्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या तालुक्यात होते, आणि कोणत्याही ग्रामपंचायतीच्या वहीत त्यांच्या घराला नंबर नाही. ‘निश्चित पत्ता नाही’ असे लिहून पेन पुढे सरकते. वडिलांचा व्यवसाय? आजोबा फासे लावून तितर-लावे धरत, ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून गुन्हा ठरले. वडील मिळेल ते करतात. म्हणजे पुन्हा ‘निश्चित नाही’. मग येतो कुटुंबातील इतर व्यक्तींवरील गुन्ह्यांचा तक्ता: नाते, गुन्ह्याचे स्वरूप, खटल्याची स्थिती, अटक, शिक्षा. तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी ज्या वस्तीवर जाते, त्या वस्तीतल्या मुलाचा हा तक्ता रिकामा राहत नाही. चुलत्याला उचलून नेऊन चार दिवसांनी सोडले असेल, आरोप सिद्ध झाला नसेल, तरी अटकेचा रकाना भरतोच. अशा रीतीने, एकही खोटे वाक्य न लिहिता, एक धोकादायक मुलगा कागदावर तयार होतो.

हा कागद पुढे काय करतो, तेही पाहिले पाहिजे. त्याच कायद्याचे बारावे कलम मुलाला जामीन देणे हाच नियम मानते. अपवाद थोडे आहेत. त्यांतला एक असा, की सुटकेमुळे मूल एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता दिसत असेल, तर जामीन नाकारता येतो. शहरातल्या एखाद्या टोळीच्या नादी लागलेल्या मुलापुरता हा अपवाद समजण्यासारखा आहे. पण ज्याच्या बापाचे, चुलत्याचे, मामाचे नाव पोलीस ठाण्याच्या वहीत आधीच आहे, त्या मुलाच्या बाबतीत ‘ज्ञात गुन्हेगाराची संगत’ म्हणजे त्याचे स्वतःचे घर ठरू शकते. आईजवळ जाणे हाच धोका, असा अर्थ लावायची वाट तिथे मोकळी होते. कायद्याने तसे सांगितलेले नाही. मूल शक्यतो कुटुंबात राहावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, ही तत्त्वे त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहेत. तत्त्व आणि रकाना यांच्यामध्ये मात्र एक माणूस बसलेला असतो. तो परिविक्षा अधिकारी असेल, मंडळावरचा समाजकार्यकर्ता सदस्य असेल, संस्थेचा गृहभेटीला गेलेला कार्यकर्ता असेल. ही प्रस्तावना त्या माणसाविषयी आहे.

त्या माणसाजवळ जे असायला हवे, त्याला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात सांस्कृतिक सक्षमता म्हणतात. ही संज्ञा अमेरिकेतून आली. अल्पसंख्याक वंशांच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याच्या सेवा कशा असाव्यात याविषयी टेरी क्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेने ती रुळवली. मराठीत मला ‘सांस्कृतिक जाण’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण जाण ही एकदा मिळवून ठेवायची पात्रता नसते. तिकडच्या ‘वांशिक अल्पसंख्याक’ या कल्पनेत पारधी तंतोतंत बसत नाहीत हेही खरे. पण गुजराती-भिलीच्या कुळातली वेगळी बोली, वेगळे दैवत, गावगाड्याबाहेरचे जिणे आणि जन्माबरोबर येणारा संशय, हे सगळे एकत्र असलेला समाज आपल्याकडे शोधायचा, तर पारध्यांचे नाव पहिल्या काहींत येईल. माझे म्हणणे एवढेच आहे: पारधी मुलांसोबत काम करताना सांस्कृतिक जाण म्हणजे पारध्यांच्या चालीरीतींची माहिती, असे समजणे अपुरे आहे, आणि कधीकधी घातकही. जी संस्कृती आधी जाणून घ्यायची ती त्या कागदाची, त्या कचेरीची, आपल्या व्यवसायाची.

या म्हणण्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगारी ठरवली. १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारणा-वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११मध्ये कायदा देशभर लागू झाला. मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतली माणसे गिरण्यांत कामाला जात, हजेरी देत, परवानगीशिवाय बाहेरगावी जाऊ शकत नसत. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही वस्तीच्या पत्त्यात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की या वसाहती एकट्या पोलिसांनी चालवल्या नाहीत. देशात अनेक ठिकाणी त्या साल्व्हेशन आर्मीसारख्या धर्मादाय संस्थांकडे सोपवल्या होत्या. तिथे शाळा होत्या, हातमाग होते, स्वच्छतेचे धडे होते, आणि मुलांना त्यांच्या ‘वाईट वळणाच्या’ घरापासून वाचवण्याची मनापासूनची तळमळ होती. भारतात समाजकार्याचे पहिले विद्यालय मुंबईत १९३६मध्ये निघाले, ते पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. त्याच्या आधी कितीतरी वर्षे मुलाला समाजापासून सोडवून सुधारण्याची कल्पना इथे कुंपणासकट राबवली गेली होती. ‘सुधारगृह’, ‘पुनर्वसन’, ‘गृहभेट’ हे आपल्याला निर्मळ वाटणारे शब्द एखाद्या पारधी आजीच्या कानावर वेगळे पडतात. तिच्या आठवणीत सुधारायला आलेला माणूस मूल घेऊन गेलेला असतो.

संस्कृतीच्या माहितीबद्दल तर पुरावा याहून स्पष्ट आहे. मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वरची एम. केनेडी या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची टिपणे १९०८मध्ये पुस्तकरूपाने आली. कोणती जमात कुठे फिरते, पेहराव कसा करते, बोली कोणती बोलते, कोणत्या देवाला भजते, कोणते शकुन पाळते, हे सगळे त्यात जमातीगणिक नोंदलेले आहे. माहिती भरपूर आहे आणि ती गोळा करणाऱ्याने कष्ट घेतले आहेत. ती गोळा करण्याचे कारण मात्र ओळख पटवून पकडणे हे होते. म्हणजे पारध्यांच्या संस्कृतीचे ज्ञान राज्ययंत्रणेजवळ कमी होते म्हणून अन्याय झाला, असे म्हणता येत नाही. ज्ञान होते, आणि अन्यायाचे एक साधन तेच होते. आज एखाद्या प्रशिक्षणात पडद्यावर ‘पारधी समाजाची वैशिष्ट्ये’ अशी यादी येते, तिच्यात व्यसन, अंधश्रद्धा, बहुपत्नीत्व, आक्रमक स्वभाव असे मुद्दे ओळीने येतात, आणि समोरचे तरुण कार्यकर्ते ते वहीत उतरवून घेतात. यादी करणाऱ्याचा हेतू केनेडीचा नसतो. साचा मात्र तोच असतो: तुम्ही एकाला पाहा आणि सर्वांना ओळखा.

माहिती नकोच, असे मी म्हणत नाही. फासे कसे विणत, शिकवलेल्या गायीच्या आडोशाने रानात पक्ष्यांच्या जवळ कसे जात, कोणत्या हंगामात काय धरत आणि काय सोडून देत, हे जाणणाऱ्या आजोबांचा नातू ‘अक्षरशून्य घरातला’ आहे असे लिहिण्यापूर्वी हात थबकायला हवा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण होते, आणि ते एका कायद्याने एका दिवसात निरुपयोगी ठरवले. रानातल्या जिवांचे रक्षण करणारा कायदा गरजेचा होता, हे मान्य करूनही त्याची किंमत कोणी मोजली हे लिहायला काय हरकत आहे? बोलीचेही तसेच. शाळेतली मराठी या मुलाची दुसरी भाषा असते. चौकशीत तो हळू, तुटक उत्तरे देतो, खाली पाहतो. अहवालाच्या भाषेत त्याचे ‘माहिती लपवतो’ किंवा ‘बौद्धिक क्षमता कमी’ असे भाषांतर व्हायला वेळ लागत नाही. वस्तीतल्या एखाद्या मोठ्या मुलीला जवळ बसवून त्याच्याशी त्याच्या बोलीत अर्धा तास बोलले, तर ही दोन्ही वाक्ये बहुधा खोडावी लागतील. अशी माहिती त्या मुलाच्या बाजूने उभी राहते, कारण ती त्याच्याजवळ बसून मिळवलेली असते.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आपल्या आधी ऐरणीवर आला. अमेरिकेत १९६९ आणि १९७४मधल्या पाहण्यांत मूळनिवासी मुलांपैकी पंचवीस ते पस्तीस टक्के मुले कुटुंबापासून तोडून पालकगृहांत, दत्तकघरांत, संस्थांत ठेवलेली आढळली. त्यातून १९७८चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायदा आला आणि मूल कुठे राहावे या निर्णयात जमातीला स्थान मिळाले. न्यूझीलंडमध्ये माओरी नेते जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने समाजकल्याण खात्याची तपासणी केली. तिच्या ‘पुआओ-ते-आता-तू’ या अहवालाने दोष माओरी घरांत शोधला नाही. खात्याच्या रचनेतच वंशभेद मुरला आहे, असे त्याने थेट म्हटले. १९८९च्या कायद्याने तिथे कौटुंबिक परिषदेची पद्धत आणली: मुलाविषयीचा निर्णय आधी त्याच्या विस्तारित कुटुंबाने बसून करायचा. त्याच सुमारास इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने परिचर्येसाठी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. सेवा सुरक्षित होती की नव्हती हे सेवा देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने ठरवायचे, आणि परिचारिकेने दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करण्याआधी स्वतःची सत्ता आणि स्वतःचे पूर्वग्रह तपासायचे, हे तिचे सार. या पुस्तकाच्या विषयासाठी मला ही कल्पना सर्वांत उपयोगाची वाटते. न्यूझीलंडचे चित्र कायद्यानंतर उजळले, असे मात्र कोणी समजू नये. सरकारी देखरेखीतल्या मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या तिथल्या शाही आयोगाचा अंतिम अहवाल २०२४मध्ये आला. त्यात माओरी मुलांच्या वाट्याला आलेले जे वाचायला मिळते, त्यावरून कायदा बदलणे आणि कचेरी बदलणे यांतले अंतर कळते.

आपल्याकडेही ते अंतर आहेच. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण ‘सराईत गुन्हेगार’ ठरवणारे कायदे राज्याराज्यांत आले. ते रद्द करण्याची शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७मध्ये भारताला केली. ऑक्टोबर २०२४मध्ये सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतले जातिभेद करणारे नियम घटनाबाह्य ठरवावे लागले. त्यांत विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, जन्माने गुन्हेगार धरणारी भाषाही होती. सत्तरहून अधिक वर्षे ती भाषा छापील नियमांत जगली, तर बोलण्यात आणि अहवालात ती किती खोल असेल.

यावर पहिला आक्षेप सरळ माणसाकडून येतो. सर्व मुले सारखी, मग पारध्याच्या मुलासाठी वेगळी जाण कशाला? समानतेचा हा आग्रह मी मोलाचा मानतो. प्रश्न असा आहे, की सारखा रकाना सारखी वागणूक देतो का. जातीच्या दाखल्याचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात, तर राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०, आणि विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखेआधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण सातबारा, घरपट्टी, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ज्यांच्या पेटीत असतो त्यांना तो अर्ध्या दिवसाचे काम आहे. ज्यांना त्या काळात गावात मुक्कामालाही परवानगी लागत असे, त्यांच्या नातवाला तोच नियम वर्षानुवर्षे अडवतो, आणि दाखल्याविना वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरकुल सगळे अडते. सारखेपणा हवा असेल तर या मुलासोबत तहसील कचेरीत कोणीतरी चार खेपा जास्त घालाव्या लागतील. सांस्कृतिक जाणेचा मोठा भाग असा कागदपत्रांच्या धावपळीचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. चोऱ्या होतात, लुटीत माणसे जखमी होतात. ज्याचे घर फुटले त्याला ही जाण कोण समजावणार? इथे सारवासारव करून चालणार नाही. पारधी मुलाच्या हातून गुन्हा घडला असेल, तर घडला असेच लिहावे आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे दुःख खरे मानावे. पण गुन्हा झाला हे एका मुलाविषयीचे विधान आहे, आणि ‘यांच्यात हे चालतेच’ हे एका जमातीविषयीचे. पहिल्यावर मंडळाला काम करता येते: शाळा पुन्हा सुरू करता येते, देखरेख ठेवता येते, समुपदेशन करता येते. दुसऱ्या विधानावर काहीच करता येत नाही, कारण जे रक्तात आहे असे मानले त्याच्यावर इलाज कसला? शिवाय पोलिसांचे लक्ष नेमके वस्तीकडे लागले, की खरा चोर निवांत राहतो. घर फुटलेल्या माणसालाही यात काही मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जड वाटतो. संस्कृती जपायची म्हणजे जातपंचायतही जपायची का? चौदाव्या-पंधराव्या वर्षी लावून दिलेले मुलीचे लग्न, पंचांनी बसवलेला दंड, वाळीत टाकणे, यांकडे ‘त्यांची रीत’ म्हणून पाहायचे का? नाही. असा कानाडोळा म्हणजे त्या मुलीला दुसऱ्यांदा एकटे टाकणे. बालविवाह रोखण्याचा कायदा तिच्यासाठीही आहे, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६चा कायदाही. पण इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. समाज म्हणजे पंच नव्हेत. विमुक्तांमधल्याच कंजारभाट समाजात २०१७-१८च्या सुमारास नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघडपणे उभे राहिले ते त्याच समाजातले तरुण-तरुणी होते. त्यांनी घरच्यांचा रोष घेतला, बहिष्कार सोसला, मारही खाल्ला. संस्कृती त्यांचीही आहे, आणि तिच्याशी भांडण्याचा हक्क पहिला त्यांचा आहे. बाहेरच्या कार्यकर्त्याने पंचांना समाजाचे प्रवक्ते मानले तर तो या तरुणांना गमावतो, आणि समाजालाच मागास ठरवून मोकळा झाला तरी त्यांना गमावतोच. ‘तुझ्या समाजात असे असते’ असे म्हणण्याऐवजी ‘तुला यातले काय हवे, काय नको’ असे त्या मुलीला विचारणारा कार्यकर्ताच तिच्या उपयोगाचा.

मग हे काम पारध्यांनीच पारध्यांसाठी करावे का? काही अंशी, हो. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने २०१२मध्ये सुरू केलेली ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा पाहावी. त्या शाळेत आलेल्या मुलाला आपण कोण हे समजावून सांगावे लागत नाही. सांगणारा त्याच पालातून आलेला असतो, आणि मुलगा उद्या काय होऊ शकतो याचा तो समोर उभा असलेला पुरावा असतो. बाहेरच्याला हे कधीच देता येणार नाही. पण मंडळ, निरीक्षणगृह, पोलीस ठाणे, तहसील ही सगळी बाहेरच्यांची ठिकाणे आहेत, आणि मुलाची वाट तिथूनच जाते. तिथे बसलेल्या माणसाला ‘हे त्यांचे ते पाहतील’ म्हणून सुटका नाही. त्याच शाळेच्या काही इमारतींवर २०१९मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात हातोडा पडला, तेव्हाचा निर्णय वस्तीतल्या कोणाच्या हातात नव्हता.

शेवटचा आक्षेप वेळेचा. एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणे असताना बोली शिकायची केव्हा आणि पालावर जायचे केव्हा? ही अडचण खरी आहे, पदे भरली पाहिजेत आणि गाडीभाडे मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण मी ज्या जाणेविषयी लिहीत आहे तिची सुरुवात कचेरीत, त्याच टेबलावर होऊ शकते. ‘निश्चित पत्ता नाही’ याऐवजी ‘अमुक गावच्या गायरानावर कुटुंबाचा तीन वर्षांपासून मुक्काम, घरकुलासाठी अर्ज केलेला, निर्णय बाकी’ असे लिहायला दोन ओळी लागतात. चुलत्याच्या नावापुढे ‘अटक’ लिहिताना ‘संशयावरून, आरोपपत्र नाही, सोडून दिले’ हे लिहायला एक ओळ. आजी रोज संध्याकाळी मुलाला जवळ बसवून जेवू घालते, ही गोष्ट नमुन्यात कुठेच विचारलेली नाही. समासात लिहिता येते. आणि अहवाल मंडळाकडे जाण्यापूर्वी तो त्या मुलाला, त्याला कळेल अशा भाषेत, वाचून दाखवता येतो. आपल्याविषयीच्या निर्णयात मुलाचे ऐकून घेतले जावे, हे तत्त्व कायद्याच्या तिसऱ्या कलमातच आहे. वाचता वाचता तो मध्येच थांबवील. म्हणेल, हे असे नाही. मग पेन उचलायचे आणि तो काय म्हणतो ते लिहायचे.